‘मड’ची घडण : एका विद्यार्थी-कृतीचा विचार

संगणकावरील खेळांच्या इतिहासात ‘पहिला कोणता?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्या वादात कृती घडली कशी, हा अधिक मोलाचा प्रश्न मागे पडतो. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली आरंभलेल्या ‘मड’ या खेळाविषयी असेच झाले आहे. अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचे खेळ त्यापूर्वीच अमेरिकेत ‘प्लेटो’ या संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी रचले होते. तेव्हा अग्रपूजेचा मान ‘मड’ला निरपवादपणे देता येत नाही. त्याचे महत्त्व त्याच्या रचनापद्धतीत शोधावे लागते.

‘मड’मध्ये चित्रे नव्हती. खेळाडूने टंकित केलेल्या आज्ञेला यंत्र शब्दांतच उत्तर देई, आणि त्याच काल्पनिक जगात वावरणारे इतर खेळाडू त्याला भेटत. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने प्रथम एवढेच पडताळून पाहिले की, विद्यापीठाच्या डेक-१० संगणकातील स्मृतीचा एकच भाग अनेकांच्या कार्यक्रमांना समाईक ठेवता येतो किंवा नाही. ही पहिली आवृत्ती म्हणजे केवळ चाचणी होती. दुसरी आवृत्तीही यंत्रभाषेला निकट अशा सांकेतिक भाषेतच लिहिलेली असल्यामुळे वाढत गेली तशी आवरेनाशी झाली. म्हणून तिसऱ्या वेळी ट्रबशॉ यांनी ‘बीसीपीएल’ ही भाषा स्वीकारली आणि कामाचे दोन भाग पाडले. खेळ चालविणारा कार्यक्रम एकीकडे, तर दालने, त्यांच्या वाटा व त्यांतील वस्तू यांचे वर्णन करणारी स्वतंत्र व्याख्या-भाषा दुसरीकडे.

हा विभाग वरवर तांत्रिक सोयीचा वाटतो. परंतु चालक कार्यक्रमाला हात न लावताही जगाचा विस्तार करता येणे, याचा अर्थ दुसऱ्या व्यक्तीला कामात शिरण्यास वाट ठेवणे असाच होतो. १९८० साली ट्रबशॉ विद्यापीठ सोडून गेले, तेव्हा सहाध्यायी रिचर्ड बार्टल यांनी अपुरे काम हाती घेतले. त्या जगाला खेळाचे रूप, म्हणजे गुण, पायऱ्या आणि गाठावयाचे ध्येय, मुख्यतः बार्टल यांनी दिले. पुढे यंत्रावरील भार कमी असे अशा रात्रीच्या वेळी विद्यापीठाबाहेरील लोकही दूरवरून त्यात खेळू लागले.

विद्यार्थी जातच असतात, तेव्हा हे हस्तांतर केवळ योगायोगाने घडले, असा आक्षेप येथे घेता येईल. जाणे अटळ होते, हे खरे. परंतु मागे राहिलेले काम दुसऱ्याला पुढे नेता येणे अटळ नव्हते. ट्रबशॉ यांच्या मनात वारसाचा विचार होता, असे म्हणण्यास आधार नाही. त्यांच्या रचनेने मात्र वारसाला जागा ठेवली. या प्रकरणाची आपली बरीच माहिती स्वतः बार्टल यांच्या नंतरच्या लेखनावर अवलंबून आहे, ही मर्यादा ध्यानात घेऊनही एवढा निष्कर्ष टिकतो, कारण दुहेरी रचनेची साक्ष कार्यक्रमाच्या मांडणीतच आहे.

विद्यार्थ्यांच्या गटाचे आयुष्य त्याच्या कृतीहून बहुधा अल्प असते. अशा कृतीचा इतिहास लिहिताना एका कर्त्याचे नाव निश्चित करण्यापेक्षा, काम एका हातातून दुसऱ्या हातात कोणत्या सांध्यावर गेले, हे शोधणे अधिक न्याय्य होय.