संगणकाचे सर्वाधिकार रोजच्या वापरात नकोत

वैयक्तिक संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाचे एक 'खाते' असते. 'विंडोज' या प्रणालीत अशा खात्यांचे प्रामुख्याने दोन प्रकार आहेत. पहिले 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजेच प्रशासकाचे आणि दुसरे मर्यादित अधिकारांचे. 'विंडोज एक्सपी'मध्ये दुसऱ्या प्रकाराला 'लिमिटेड' म्हणत. आता त्यास 'स्टँडर्ड यूजर' असे नाव आहे. नव्या संगणकावर पहिले खाते प्रशासकाचेच तयार होते आणि अनेक घरांत पुढे वर्षानुवर्षे तेच वापरले जाते. सुरक्षेच्या दृष्टीने ही सवय घातक आहे.

फरक कोणता?

प्रशासकाला नवे प्रोग्रॅम सर्वांसाठी बसवता येतात, प्रणालीच्या फायली बदलता येतात, विषाणूरोधक प्रोग्रॅम बंद करता येतो, इतरांची खाती उघडता वा काढून टाकताही येतात. मर्यादित खात्यातून पत्रलेखन, ई-मेल, इंटरनेट, छपाई अशी नित्याची सर्व कामे होतात. मात्र प्रणालीच्या मूळ फायलींना हात लावता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणताही प्रोग्रॅम तो सुरू करणाऱ्या खात्याचे अधिकार घेऊन चालतो. त्यामुळे ई-मेलसोबत आलेली घातक फाईल प्रशासकाने उघडून तिला परवानगी दिली, तर संपूर्ण संगणकाचा ताबा तिच्याकडे जाऊ शकतो.

तत्त्व जुनेच

प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या शोधनिबंधात मांडले होते. 'विंडोज ९५' व 'विंडोज ९८' मध्ये अधिकारांची अशी विभागणी नव्हती. १९९३ च्या 'विंडोज एनटी'मधील ही व्यवस्था २००१ मध्ये 'एक्सपी'च्या रूपाने घरगुती संगणकांवर आली. परंतु सुरुवातीला तयार होणारी खाती प्रशासकाचीच असत. शिवाय कित्येक जुने प्रोग्रॅम मर्यादित खात्यात चालत नसत.

२००७ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी आलेल्या 'व्हिस्टा'पासून महत्त्वाच्या बदलापूर्वी परवानगी विचारणारी चौकट दिसू लागली. प्रशासकाच्या खात्यात तेथे सहसा केवळ 'होय' म्हणणे पुरते. मर्यादित खात्यात मात्र प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. घाईत होणाऱ्या चुकीला येथेच आळा बसतो.

खाते कसे बदलावे?

'विंडोज ११' मध्ये 'सेटिंग्ज'मधील 'अकाउंट्स' व त्यातील 'अदर यूजर्स' येथे जावे. प्रथम एक नवे खाते तयार करून त्यास 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करावे व परवलीचा भक्कम शब्द द्यावा. नंतर त्या नव्या खात्यातून रोजचे खाते 'स्टँडर्ड यूजर' करावे. जुन्या फायली व छायाचित्रे जागच्या जागी राहतात. प्रशासकाचा परवलीचा शब्द कागदावर लिहून सुरक्षित ठेवावा. तो हरवल्यास पुढे मोठी अडचण होते. मुलांसाठी स्वतंत्र मर्यादित खाती काढावीत.

मर्यादाही जाणाव्यात

हा उपाय रामबाण नव्हे. कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे वापरकर्त्याच्या स्वतःच्या खात्यात असतात. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम मर्यादित खात्यातूनही त्यांचे नुकसान करू शकतो. मे २०१७ मध्ये जगभर थैमान घालणारा 'वॉनाक्राय' तर विंडोजच्या फायली सामायिक करण्याच्या सेवेतील त्रुटीतून पसरला. त्याला कोणी फाईल उघडण्याचीही गरज नव्हती. म्हणूनच प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती संगणकापासून अलग ठेवणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही. मर्यादित खात्याची जोड मिळाल्यास मात्र एका घरातील एकाची चूक सर्वांना भोवण्याचा धोका बराच कमी होतो.