मोहफुले : अन्न आणि मद्य

मोह (मधुका लाँगिफोलिया, कुल सॅपोटेसी) या वृक्षाची मांसल, गोड फुले. कामठा (जि. गोंदिया, १९९९ पूर्वी जि. भंडारा) या जुन्या जमीनदारीच्या परिसरात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी ही फुले वेचून उन्हात वाळवितात. ती भाजून वा उकडून खातात, पिठात मिसळून भाकरीही करतात. दुष्काळात गोरगरिबांना त्यांचाच आधार असे. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक शर्करा असल्याने ती पाण्यात भिजत घातली, की काही दिवसांत आंबतात. हे आंबलेले पाणी मडक्यात उकळून वाफ थंड केली, की मद्य मिळते.

ब्रिटिश अबकारी धोरणाची दृष्टी या दुसऱ्या उपयोगावरच खिळली होती. मुंबई इलाख्यातील ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत १८९२ च्या कायद्याने फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. त्यामुळे चोरट्या गाळपाबरोबर गरिबाच्या घरातील शिधाही संशयास्पद ठरला. कामठा ज्यात मोडत असे त्या मध्य प्रांतात सरकारचा भर मुख्यतः गाळप व विक्रीच्या मक्त्यांवर होता. स्वातंत्र्योत्तर काळातही मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये फुलांवर नियंत्रण राहिले. ती वेचणे, साठविणे व नेणे यांवरील बंधने महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठविली. परवान्याविना घरी मद्य गाळणे मात्र आजही गुन्हाच आहे.