वजाबाकीचा पुरावा

कर्करोगाच्या प्रयोगशाळेत अँटिबॉडी आज बहुतेक वेळा खूण पटवायला वापरतात. गाठीच्या पातळ कापावर ती टाकायची आणि रंग उमटला की हवे ते प्रथिन तिथे आहे असे धरायचे. वृद्धिघटकांच्या अभ्यासात ती शिरली मात्र निराळ्याच कामासाठी. शरीरातला एखादा पदार्थ काढून घेतला तर काय बिघडते, हे तिच्याकडून पाहायचे होते. तिचे खरे यश या मूळ कामातले आहे आणि तिच्याविषयीच्या तक्रारी मुख्यतः खूण पटवण्याच्या कामातल्या आहेत, असे मला वाटते.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना दिसले होते, की उंदराच्या सार्कोमाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात रुजवला की अनुकंपी चेतापेशी बेसुमार वाढतात. अर्थात गाठ काहीतरी स्रवत होती. 1953 मध्ये जीवरसायनज्ञ स्टॅन्ली कोहेन त्यांना येऊन मिळाले. अर्कातली न्यूक्लिइक आम्ले तोडण्यासाठी त्यात सापाचे विष घातले, तर तो पदार्थ विषातच गाठीपेक्षा कितीतरी अधिक निघाला! विषग्रंथी म्हणजे एक प्रकारची लाळग्रंथीच, म्हणून मग उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या आणि तिथेही घबाड सापडले. एवढ्यावरून सिद्ध काय झाले? गाठ, विष आणि लाळ यांतले एक प्रथिन चेतापेशी वाढवू शकते, इतकेच. निरोगी शरीराला त्याची गरज असते की नाही, हा प्रश्न तसाच होता. ते प्रथिन सशाला टोचून मिळवलेला सीरम नवजात उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या अनुकंपी गुच्छिका जवळजवळ नाहीशा झाल्या. 1960 मध्ये हे प्रसिद्ध झाले. अँटिबॉडीने प्रथिन अडवले नसून पेशींनाच मारले असेल, ही शंका रास्त होती. 1994 मध्ये त्या प्रथिनाचे जनुकच नसलेले उंदीर तयार झाले, आणि त्यांच्यातही याच पेशी मेलेल्या आढळल्या.

लाळग्रंथीच्या त्याच अर्काने उंदराच्या पिलांचे डोळे वेळेआधी उघडत. त्यातून कोहेन यांनी 1962 मध्ये दुसरा घटक, ईजीएफ, वेगळा केला. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तितकी बनवण्याची रीत काढली. वजाबाकीला आता नेम आला. जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो यांनी ईजीएफच्या ग्राहीला नुसती चिकटणारी नव्हे, तर ईजीएफला तिथे बसूच न देणारी अँटिबॉडी शोधली. तिच्यापासून घडलेल्या सेटुक्सिमॅबला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली. न्यू नावाच्या कर्कजनुकाचे प्रथिन 1985 मध्ये अशाच अँटिबॉडीने पेशीच्या पृष्ठभागावरून हटवले, तेव्हा कर्कपेशींचे वागणे पुन्हा बरेचसे साध्या पेशींसारखे झाले. ते प्रथिन नुसते हजर नव्हते, रोग चालवत होते, हे त्यातून कळले.

यावर कोणी म्हणेल, की रंगाची खूणही उपयोगी आहेच. स्तनाच्या कर्करोगात ट्रास्टुझुमॅब हे औषध कोणाला द्यायचे हे त्याच तपासणीवर ठरते. खरे आहे, पण तिथे रंगाचा अर्थ जनुकांच्या मोजणीशी आणि रुग्णांवरील चाचण्यांशी ताडून घेतलेला आहे. तसे न केल्यास काय होते, ते एरिथ्रोपोएटिनच्या बाबतीत दिसले. रक्तपेशी वाढवणाऱ्या आणि औषध म्हणूनही दिल्या जाणाऱ्या या घटकाचा ग्राही अनेक गाठींवर असतो, असे रंगाच्या आधारे लिहिले जाई. 2006 मध्ये दाखवून दिले गेले, की त्यासाठी सर्रास वापरलेली एक अँटिबॉडी एचएसपी-70 या पेशींत सर्वत्र आढळणाऱ्या प्रथिनालाही चिकटते. हे दाखवणारे संशोधक ते औषध विकणाऱ्या अ‍ॅमजेन कंपनीचेच होते, तेव्हा त्यांच्या हेतूविषयी संशय घ्यायला हरकत नाही; पण चुकीच्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी त्या संशयाने बरोबर ठरत नाही. औषधाचा धोकाही तेवढ्याने खोटा ठरत नाही. काही चाचण्यांत ते घेणाऱ्या कर्करुग्णांचे आयुष्य घटल्याचे आढळले होते आणि 2007 मध्ये अमेरिकी नियामकाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. ते आयुष्य गाठ पोसली गेल्याने घटले, की रक्ताच्या गुठळ्यांसारख्या दुसऱ्या कारणाने, हे मात्र त्या रंगवलेल्या कापांवरून ठरवता येत नव्हते.