डोंगरमाथ्यावरची मोजणी

फाल्गुन सरत आला, शाळवाची काढणी उरकली, की माळावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जरा मान वर करून बघा. ऊन तापलं की जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. त्या हवेवर पंख पसरून घारी, ससाणे, गरुड गोल गोल वर जातात. पंख मारायचे कष्ट नाहीत. थंडीत आपल्या माळावर गवताला घासून उडणारे लांब शेपटीचे भोवत्या तुम्ही पाहिले असतील. नाकतोडे, उंदीर खाऊन ते इथं हिवाळा काढतात आणि ऊन वाढलं की उत्तरेला, पार कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ मुलखात अंडी घालायला परततात. माहेरी आलेल्या लेकीसारखे येतात आणि जातात, पण किती आले आणि किती गेले हे आपण कधी मोजत नाही. आज या मोजणीचीच गोष्ट सांगायची आहे. ती सुरू होते फार लांब, अमेरिकेत, आणि संपते आपल्या चाळकेवाडीच्या पठारावर.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक लांबच लांब डोंगररांग आहे. वारा उतारावर आदळून वर चढतो, म्हणून स्थलांतर करणारे शिकारी पक्षी त्या धारेला धरून जातात. हे शिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. ससाणा म्हणजे कोंबडीचोर, असा तिथल्या लोकांचा समज. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? घार दिसली की आपण पिलांवर पाटी पालथी घालतो. पण तिथं तर 1929 पासून सरकारच एका जातीचा ससाणा मारणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस द्यायचं. माणसं मोटारी घेऊन डोंगरावर जायची आणि दिवसभर बंदुका चालवायची. 1932 साली रिचर्ड पाउ नावाच्या तरुणानं मेलेले पक्षी गोळा करून ओळीनं मांडले आणि त्यांचा फोटो काढला.

तो फोटो न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंपर्यंत पोचला. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून या बाई आधी लढल्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पक्ष्यांचं काम हाती घेतलं. एक बडी संस्था तो डोंगर घेऊ म्हणाली होती, पण हालचाल काही होईना. एजबाईंनी वाट पाहिली नाही. 1934 मध्ये सुमारे 1400 एकर डोंगर त्यांनी भाड्यानं घेतला आणि राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्यांची बायको अर्मा यांना पाठवलं. मॉरिस वरच्या खडकावर बसून पक्षी मोजायचे. खाली रस्त्याच्या तोंडाशी अर्मा उभ्या राहायच्या, आणि बंदुका घेऊन आलेल्या गड्यांना सांगायच्या, इथं शिकार बंद आहे. पुस्तकांत मॉरिसचं नाव जास्त येतं. आम्हाला मात्र अर्माचं काम अवघड वाटतं. पक्षी काही उलट बोलत नाहीत!

ही मोजणी पुढं फार कामाला आली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी सगळीकडं फवारायला लागले. आपल्यातल्या थोरल्या बायांना घराच्या भिंतींवर मलेरियासाठी मारलेल्या त्या पावडरीचा वास आठवत असेल. रेचल कार्सन या लेखिका विषारी औषधांवर पुस्तक लिहीत होत्या आणि त्यांना पुरावा हवा होता. तो या डोंगरावरच्या वहीत सापडला. 1935 ते 1939 या काळात तिथून जाणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत शंभरातले चाळीस पहिल्या वर्षाचे, कोवळे असत. 1955 ते 1959 मध्ये ते वीसवर आले. 1957 साली तर 32 थोर गरुडांमागं एकच पिलू दिसलं. म्हणजे म्हातारे दिसत होते, पण घरात पाळणा हलत नव्हता. औषध माशांतून गरुडाच्या अंगात जायचं, अंड्याचं कवच पातळ व्हायचं आणि आई अंड्यावर बसली की ते फुटायचं. कार्सनबाईंचं पुस्तक 1962 मध्ये आलं. 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. आपल्याकडं शेतीत त्याचा वापर बंद व्हायला 1989 उजाडलं.

गिधाडांचं आपल्याला माहीतच आहे. जनावराला द्यायच्या डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या औषधानं ती गेली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर मेलेल्या बैलावर उतरायला गिधाडं उरली नव्हती.

आता आपल्या घरची गोष्ट. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीचं पठार आहे. तिथं पवनचक्क्या आल्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. वीज आली, कुणाला भाडं मिळालं, कुणाला पहारेकऱ्याची नोकरी. पवनचक्की वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. कोळशाच्या धुरापेक्षा ती कितीतरी बरी. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर, आणि त्यांच्यासोबत अमोद झांबरे आणि हर्षल भोसले, यांनी या पठारावर शिकारी पक्षी मोजले. जिथं चक्क्या आहेत तिथले आणि शेजारी जिथं नाहीत तिथलेही. चक्क्यांच्या भागात तीसा, कापशी घार असे पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी निघाले. हा अभ्यास 2018 मध्ये छापून आला.

पक्षी कमी झाल्यावर खाली काय झालं, तेही त्यांनी पाहिलं. गळ्याखाली निळा, काळा, केशरी पंखा उघडणारा सरडा उन्हाळ्यात तिथं खडकावर बसलेला दिसतो. शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये त्याच्या कुळाला नावच ‘सरडा’ दिलं आहे, आपला मराठी शब्द. वरून झडप घालणारं कोणी नाही म्हटल्यावर चक्क्यांखाली हे सरडे फार वाढले. माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. पण तोंडं वाढली आणि खाणं तेवढंच, म्हणून ते अंगानं रोडके, आणि नरांच्या गळ्याचा रंगही फिका. वरची घार गेली तर खालच्या सरड्याचा रंग उतरतो, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आमच्या मनात एक गोष्ट मात्र सलते. अमेरिकेतल्या त्या डोंगराकडं 1934 पासूनची वही आहे. आमच्याकडं चक्क्या उभ्या राहण्याआधीचा एकही आकडा नाही, कारण आम्ही कोणी मोजलंच नव्हतं. गटाचा हप्ता एक रुपया कमी भरला तर आम्हाला कळतं आणि आभाळातली अर्धी घार गेली ते कळलं नाही. ढालगावच्या बाजूलाही चक्क्या आहेत. तिथल्या मैत्रिणींनी आपल्या शेजारच्या मोकळ्या माळाची नोंद आत्ताच करून ठेवावी.

गेल्या महिन्यात आम्ही पाचजणी बचत गटाची एक जुनी वही घेऊन माळाच्या धारेवर बसलो. पहिल्या तासातच भांडण झालं. एकच घार चारदा फिरून आली, ती एक धरायची का चार? नंतर जाणकारांना विचारलं. त्यांनी सांगितलं, समोरच्या दोन खुणा धरा, झाड नाहीतर खांब, आणि ती रेघ ओलांडून पुढं निघून जाणाराच पक्षी लिहा. डोक्यावर घिरट्या घालणारा इथलाच, तो वेगळ्या रकान्यात. नाव ओळखता आलं नाही तर ‘माहीत नाही’ लिहा, अंदाजानं लिहू नका. तारीख, वेळ, वारा कुठून येतो, आभाळ कसं आहे, एवढं मात्र दर वेळी हवंच.

पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही परत जाणार आहोत. येणाऱ्यांनी पाणी, टोपी आणि पेन आणावं. भाकरी आम्ही बांधून आणू.