तातीवर गुंडाळलेली तार

एकोडीच्या (जि. भंडारा) शाळेत व्हायोलिन नसेल, पण भजनातली एकतारी मुलांच्या ओळखीची असते. तार ताणली की स्वर चढतो, सैल केली की उतरतो. आता वर्गात विचारून पाहा : ताण आणि लांबी तशीच ठेवून स्वर उतरवायचा असेल तर काय करावे?

सतराव्या शतकात इटलीतील वाद्यकारांपुढे हाच प्रश्न होता. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे १९६ कंपनांचा, तर त्याच कुळातील चेलोचा सुमारे ६५ कंपनांचा. त्या वेळी तारा धातूच्या नसत. मेंढीच्या आतड्यापासून वळलेली तात वापरत. फ्रान्समधील मेर्सेन याने १६३६ साली ताणलेल्या तारेचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतला एक असा : तारेचे दर सेंटिमीटरचे वस्तुमान चौपट केले की कंपनसंख्या निम्मी होते, म्हणजे स्वर एक सप्तक खाली येतो. तातीचे वस्तुमान चौपट करायचे तर तिची जाडी दुप्पट हवी. पण जाड तात ताठर असते. ती सहज वाकत नाही, गज फिरवल्यावर चटकन बोलत नाही आणि तिचे उपस्वरही मूळ स्वराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत.

यावर जुना उपाय म्हणजे वाद्यच मोठे करणे. मग बोटांना लांब पल्ला गाठावा लागे. जलद सुरावट अवघड होई. असे वाद्य बहुधा खालचा आधारस्वर धरण्यापुरतेच उरे.

मार्ग निघाला तो बारीक तातीवर धातूची तार गुंडाळून. चांदीची घनता तातीच्या जवळजवळ आठपट. त्यामुळे जाडी फारशी न वाढता वजन वाढते आणि आतली तात लवचीकच राहते. १६६४ साली लंडनच्या जॉन प्लेफर्डने आपल्या पुस्तकात अशा तारांची जाहिरात केली. इटलीत इतिहासकार बोलोन्या शहराकडे बोट दाखवतात. तिथल्याच आरेस्ती या संगीतकाराच्या १६६५ च्या ग्रंथात ‘व्हिओलोन्चेलो’ हा शब्द प्रथम छापलेला आढळतो. पुढे स्ट्राडिव्हारीने १७०७ च्या सुमारास चेलोचा आटोपशीर आकार पक्का केला. कित्येक जुनी मोठी वाद्येही नंतर कापून लहान करण्यात आली.

बोलोन्यात शिकलेल्या कोरेल्लीने १७०० साली रोममध्ये बारा सोनाटा प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर वाद्ये दिली आहेत ती अशी : व्हायोलिन, आणि सोबत ‘व्हिओलोने किंवा हार्पसिकॉर्ड’. व्हिओलोने हे नाव तेव्हा चेलोच्या जातीच्या वाद्यालाही लावत. म्हणजे दोनच वाद्यांत ही रचना पुरी होऊ शकत होती. काही जलद भागांत तर व्हायोलिनने मांडलेला विषय खालचा आवाज उचलून धरतो. आपल्याकडील जुगलबंदीची आठवण व्हावी असा. आधार देणारा आता बरोबरीने बोलू लागला होता.

कोरेल्लीचे नाव राहिले, स्ट्राडिव्हारीचेही राहिले. तातीवर पहिल्यांदा तार गुंडाळणारा कारागीर मात्र इतिहासाला नीट ठाऊक नाही.

करून पाहा : नायलॉनच्या दोऱ्याचे एक टोक टेबलाला घट्ट बांधा. टेबलावर दोन पेन्सिली आडव्या ठेवून दोरा त्यांवरून न्या आणि दुसऱ्या टोकाला दगड लटकवा (दगड पायावर पडणार नाही, हे पाहा). दोरा छेडा. मग पेन्सिलींमधल्या भागावर जुन्या मोटारीच्या कॉइलमधली बारीक तांब्याची तार वेटोळ्याला वेटोळे भिडवून गुंडाळा आणि पुन्हा छेडा. दगड तोच, लांबी तीच. स्वर किती उतरला, हे मुलांनाच सांगू द्या.