शांत यंत्राचा शोध

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांत संगणक असतो, आणि रात्रीं घर शांत झालें म्हणजे त्याच्या पंख्याची घरघर कानीं पडते. हा पंखा नसता तर किती बरें झालें असतें, असें पुष्कळांस वाटतें. हीं यंत्रें घडविणाऱ्यांसहि तें वाटत आलें आहे; त्या इच्छेचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

पंखा लागतो कां, तें प्रथम पाहूं. संगणकास दिलेली वीज जवळजवळ सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. पंप पाणी वर चढवितो. संगणक अंकांची उलाढाल करितो, पण त्या उलाढालींत वीज सांठून राहत नाहीं. तेव्हां १०० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे खोलींत ठेविलेली १०० वॅटची शेगडीच होय.

१९४६ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फिया येथें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत ‘एनियाक’ हा संगणक जगापुढें आला. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि तो जवळजवळ १५० किलोवॅट वीज घेई. त्यांतून हवा खेळविण्यासाठीं मोठे पंखे बसविलेले होते. पण त्या दालनांत कोणास झोपावयाचें नव्हतें. आवाजाचा प्रश्न उभा राहिला तो संगणक दालनांतून दिवाणखान्यांत आला तेव्हां.

१९७७ सालीं ॲपल कंपनीनें ‘ॲपल टू’ हा संगणक काढला. त्यांत पंखा नसावा असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता. तो पुरा केला रॉड होल्ट या अभियंत्यानें. त्या काळच्या नेहमींच्या वीजपुरवठ्याच्या पेटींत बरीच वीज नुसती तापून वाया जाई. होल्ट यांच्या पेटींत वीज सेकंदाला हजारों वेळां चालू-बंद होऊन हवी तेवढीच घेतली जाई. उष्णता मुळांतच घटली, आणि पंख्यावांचून भागलें.

या यशानंतर १९८० सालीं ‘ॲपल थ्री’ आला. त्यांतहि पंखा नव्हता. ॲल्युमिनियमच्या जाड ओतीव कवचांतून ताप बाहेर जाईल अशी योजना होती. परंतु यंत्रें बिघडूं लागलीं, चिपा आपल्या खोबणींतून सैल होऊं लागल्या. यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचलून खालीं सोडावें, म्हणजे चिपा पुन्हां नीट बसतील, असा सल्ला खुद्द कंपनीकडून दिला गेला! दोष तापाचा कीं आंतील दाटीच्या जुळणीचा, याविषयीं तें यंत्र घडविणाऱ्यांतच मतभेद राहिला. पण पहिलीं सुमारें १४,००० यंत्रें बदलून द्यावीं लागलीं, आणि १९८४ सालीं हा संगणक बंद झाला.

या दोन यंत्रांतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. पहिल्या वेळीं ताप आधीं कमी केला आणि मग पंखा अनावश्यक ठरला. दुसऱ्या वेळीं पंखा आधींच वर्ज्य ठरला आणि तापानें आपली वाट आपण शोधावी असें झालें. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास या एकाच धड्याभोंवतीं फिरतो.

१९८१ च्या आय. बी. एम. पीसीनें पंखा सरळ स्वीकारला. १९९३ सालीं इंटेलचा पेंटियम आला, तेव्हांपासून प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा बसविण्याची रीत रूढ झाली. २००४ सालीं पेंटियम फोरच्या कांहीं नमुन्यांसाठीं ११५ वॅट उष्णता बाहेर काढण्याची तरतूद करावी लागे, आणि लहान पंखे जिवाच्या आकांतानें फिरत.

पंखा हवाच, तर तो शांत कसा करावा? याचें उत्तर पंख्यांच्या गणितांत आहे. फेऱ्या निम्म्या केल्या, तर हवा निम्मी होते; पण आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो, म्हणजे कानाला तो निम्म्याहूनहि कमी भासतो. उलट व्यास वाढविला, तर हवा त्याच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजीं त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा घेतला, तर एक-तृतीयांशाहून कमी फेऱ्यांत तितकीच हवा हलते. म्हणून मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा हा उत्तम.

पण चिमुकल्या चिपेवर मोठा पंखा मावावा कसा? ही अडचण उष्णतानळीनें दूर केली. १९६३ सालीं अमेरिकेंत लॉस ॲलॅमॉस येथें जॉर्ज ग्रोव्हर यांनीं ती करून दाखविली. बंद नळींत थोडें द्रव असतें. तापलेल्या टोकाशीं त्याची वाफ होते, थंड टोकाशीं वाफेचें पुन्हां द्रव होतें, आणि तें दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें नळीच्या आंतल्या जाळींतून परत येतें. यामुळें ताप चिपेपासून दूर, रुंद धातूच्या पात्यांपर्यंत नेतां येतो. गृहस्थानें मात्र एवढें ध्यानांत ठेवावें कीं, या पात्यांत धूळ दाटली, तर पंख्यास अधिक वेगानें फिरावेंच लागतें.

तरी हे सारे उपाय उष्णता निर्माण झाल्यानंतरचे होत. २००४ सालींच इंटेलनें पेंटियम फोरचा नियोजित वारस सोडून दिला, आणि केवळ फेऱ्यांचा वेग न वाढवितां एकाच चिपेंत दोन प्रोसेसर घालण्याचा मार्ग धरला. २०२० सालीं ‘एम वन’ चिपेचा मॅकबुक एअर पंख्यावांचून बाजारांत आला. तो कमी वीज घेतो, आणि फार तापल्यास आपला वेग कमी करितो. होल्ट यांनीं जें वीजपुरवठ्याच्या पेटींत साधलें, तें येथें चिपेंत साधलें.

तथापि आपल्या घरांतील शांतता कांहीं अंशीं उसनी आहे. आपलीं पत्रें, छायाचित्रें, चित्रपट यांचें पुष्कळसें काम आज दूरच्या डेटा सेंटरांत होतें. नवी मुंबईंत अशीं अनेक केंद्रें उभीं आहेत. तेथें पंखे आणि शीतयंत्रें अहोरात्र चालतात. एनियाकच्या दालनांतील ताप आणि आवाज संपला नाहीं. तो आपल्या कानांआड गेला आहे. तो खरोखर कमी करावयाचा, तर तेथेंहि वाट एकच: तीच गणितें कमी विजेंत करणें.