शब्दांधत्व आणि विज्ञानप्रतिभा : एक दंतकथा व तीन साक्षी

ज्या विद्यार्थ्यास वाचन व लेखन असाधारण कष्टाचे जाते, परंतु ज्याची बुद्धी मुळीच मंद नसते, त्याला धीर देण्यासाठी थोर शास्त्रज्ञांची एक नामावळी सांगण्याचा प्रघात पडला आहे. तीत लिओनार्दो असतो, एडिसन असतो आणि आइन्स्टाइन तर असतोच. या सर्वांना हीच अडचण होती व तरीही ते थोर झाले, असे तिचे तात्पर्य. हेतू चांगला आहे यात शंका नाही; परंतु चांगल्या हेतूने केलेले विधानही इतिहासाच्या कसोटीतून सुटत नाही. या नामावळीतील एका नावाची तपासणी करून, तिच्या जागी कोणता पुरावा ठेवता येईल आणि त्यावरून नेमके काय सिद्ध होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेचा इतिहास पाहू. मेंदूच्या आजारानंतर ज्यांची दृष्टी व वाणी शाबूत राहिली, परंतु वाचन मात्र नष्ट झाले, अशा रुग्णांच्या स्थितीस जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ या अर्थाचे नाव दिले. पुढे श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रूडोल्फ बर्लिन यांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घडविला. त्यांचा ग्रंथ १८८७ चा आहे. हे सारे विवेचन पूर्वी वाचता येत असलेल्या प्रौढांविषयी होते. हा दोष जन्मजातही असू शकतो, हे दाखविणारे प्रसिद्ध टिपण डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. पर्सी एफ. नावाचा चौदा वर्षांचा मुलगा हा त्याचा विषय होय. सातव्या वर्षापासून शिकूनही त्याला लहान लहान शब्दांपलीकडे वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव तो ‘पर्सी’ ऐवजी ‘प्रेसी’ असे लिही. मात्र ७४९ ला ८६७ ने गुणण्याचे उदाहरण त्याने झटपट व अचूक सोडविले. सर्व शिक्षण तोंडी दिले गेले असते, तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय मॉर्गन यांनी नोंदविला आहे. ‘अध्ययन-अक्षमता’ ही व्यापक संज्ञा मात्र बरीच अलीकडची. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ साली शिकागो येथील पालकांच्या परिषदेत तिचा पुरस्कार केला आणि त्यानंतर ती रूढ झाली.

आता आइन्स्टाइनकडे वळू. तो उशिरा बोलू लागला, अशी आठवण त्याच्या कुटुंबियांनी सांगितली आहे आणि ती अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. परंतु उशिरा बोलणे व वाचता न येणे या भिन्न गोष्टी होत. त्याने बाराव्या वर्षी भूमितीचे पुस्तक स्वतः वाचून आत्मसात केले आणि थोड्याच काळात तो कांटचे तत्त्वज्ञान वाचू लागला. १८९५ साली झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला नाही हे खरे; परंतु तेव्हा तो नेहमीच्या प्रवेशवयाहून सुमारे दोन वर्षांनी लहान होता आणि गणित व भौतिकी या विषयांत त्याने परीक्षकांवर उत्तम छाप पाडली होती. पुढील वर्षी आराऊच्या शाळेतून तो बाहेर पडला, तेव्हा बीजगणित, भूमिती, भौतिकी व इतिहास या विषयांत त्याला सहापैकी सहा गुण होते. एवढ्या पुराव्यानंतर त्यास वाचनदोष होता असे म्हणणे, हे पुराव्यावाचून निदान करणे होय. मृत व्यक्तीची तपासणी करता येत नाही. तिच्या हयातीतील कागदपत्रे जेवढे सांगतात, तेवढेच इतिहासकाराने म्हणावे.

दंतकथा बाजूला ठेवल्यावर हाती काहीच उरत नाही असे मात्र नाही. ज्यांनी स्वतःच्या अडचणीविषयी स्वतः साक्ष दिली आहे, असे किमान तीन नोबेल पुरस्काराचे मानकरी आपल्याच काळात होऊन गेले वा आहेत.

त्यांपैकी जॉन बॅनिस्टर गुडइनफ यांचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. त्यांचा जन्म २५ जुलै १९२२ रोजी जर्मनीतील येना येथे अमेरिकन कुटुंबात झाला. वडील अर्विन गुडइनफ हे येल विद्यापीठात धर्मेतिहासाचे नामांकित अभ्यासक होते. अशा ग्रंथमय घरातील मुलाला वाचता येईना. त्या काळी या दोषाचे निदान होण्याची सोय नव्हती. शाळेने त्यास मागासलेला मानले. ग्रोटन येथील प्रसिद्ध निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्याने स्वतःच्या प्रयत्नाने लेखन साध्य केले, शिष्यवृत्ती मिळविली आणि १९४० मध्ये तो तेथून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. येल येथे गणिताची पदवी घेऊन व महायुद्धात सैन्याच्या हवामानखात्यात काम करून ते शिकागो विद्यापीठात आले. भौतिकीत ज्यांनी काही केले, त्यांनी ते तुमच्या वयापर्यंत करून टाकले होते, असे तेथील एका प्राध्यापकांनी त्यांना सुनावल्याची आठवण ते सांगत. तेव्हा त्यांचे वय चोविसाच्या आसपास होते.

१९५२ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत त्यांनी संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर काम केले. १९७६ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे १९८० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड हा पदार्थ विजेरीच्या धनाग्रासाठी योग्य असल्याचे दाखविले. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्या सल्फाइडयुक्त विजेरीचा दाब दोन व्होल्टच्या थोडा वर होता. सल्फाइडऐवजी ऑक्साइड घेतल्यास तो वाढेल हा गुडइनफ यांचा तर्क होता आणि प्रत्यक्षात तो सुमारे चार व्होल्ट मिळाला. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये या धनाग्राला कार्बनयुक्त ऋणाग्राची जोड दिली व १९९१ मध्ये अशा विजेऱ्या बाजारात आल्या. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना विभागून मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात हा पुरस्कार त्यापूर्वी कोणासही मिळाला नव्हता. २५ जून २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसरी साक्ष स्वित्झर्लंडच्या झाक दुबोशे यांची. आपल्या जीवनपटात १९५५ या सालासमोर त्यांनी, आपण व्हो प्रांतातील पहिले अधिकृत डिस्लेक्सियाग्रस्त ठरलो व त्यामुळे सर्वच विषयांत कच्चे राहण्याची मुभा मिळाली, अशा आशयाची विनोदी नोंद केली आहे. पाणी अतिशीघ्र गोठविल्यास स्फटिक न बनता ते काचेसारखे घन होते, हे त्यांच्या गटाने हायडेलबर्ग येथे १९८० नंतरच्या काही वर्षांत साध्य केले. त्यायोगे जैव रेणू इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली अविकृत पाहता येऊ लागले आणि २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ते सहभागी झाले.

तिसरी साक्ष कॅरल ग्रायडर यांची. शाळेत शुद्धलेखनाच्या जादा वर्गात बसविल्यामुळे आपण मठ्ठ आहोत असे त्यांस वाटे. संशोधनाचा अनुभव व उत्तम शिफारसपत्रे असूनही, प्रमाणित प्रवेशपरीक्षेतील गुण कमी पडल्याने बहुतेक विद्यापीठांनी त्यांना नाकारले. केवळ कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्था व बर्कली या दोहोंनी त्यांना प्रवेश देऊ केला. त्या बर्कलीला गेल्या व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत, १९८४ च्या नाताळच्या दिवशी, टेलोमरेज या विकराची पहिली खूण त्यांना दिसली. या कार्याबद्दल २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना ब्लॅकबर्न व जॅक शोस्टाक यांच्यासह मिळाले.

या तीन साक्षींवरून काय निष्पन्न होते ? वाचनदोषामुळे प्रतिभा येते, असे मुळीच नाही; तीन उदाहरणांवर असा सिद्धांत उभा राहत नाही. वाचनदोषामुळे विज्ञानातील श्रेष्ठ कार्य अशक्य होते, हा समज मात्र एका उदाहरणानेही खोडला जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तिघांनाही एकेक दार आडवे आले आणि प्रत्येकाच्या बाबतीत ते निराळ्या रीतीने उघडले : गुडइनफ यांनी ते स्वकष्टाने उघडले, दुबोशे यांच्या अडचणीस अधिकृत नाव मिळाले, आणि ग्रायडर यांच्याबाबत दोन संस्थांनी गुणपत्रिकेपलीकडे पाहिले. ग्रायडर यांना त्या दोन संस्थांनीही नाकारले असते, तर त्यांची बुद्धी तीच राहिली असती, परंतु इतिहासात त्यांचे नाव आले नसते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या साधनांची मर्यादाही ओळखली पाहिजे. आपला पुरावा मुख्यतः लिखित असतो, आणि ज्यांना लिहिणेच दुर्घट, त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी स्वतःविषयीचा कागद मागे ठेवलेला नसतो. पर्सी आपणास ठाऊक आहे तो एका डॉक्टराने त्याच्याविषयी लिहिले म्हणून. यशस्वी झालेल्यांची नामावळी कितीही वाढविली, तरी वाटेत गळालेल्यांची संख्या तीवरून कळणार नाही. म्हणूनच ती नामावळी आश्वासन म्हणून विद्यार्थ्यापुढे ठेवणे धोक्याचे आहे. थोर न झालेला विद्यार्थी तिच्यामुळे दुसऱ्यांदा अपयशी ठरतो. वस्तुतः आपल्या अडचणीचे मोल थोरवीने चुकविण्याचे बंधन त्याच्यावर कोणी घातलेले नाही.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘विशिष्ट अध्ययन-अक्षमता’ हिचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला असून परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद केली आहे. परंतु आपल्या शाळा-महाविद्यालयांची जुनी दप्तरे उघडली, तर तेथे अशा विद्यार्थ्यांसमोर बहुधा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच शेरा आढळेल. गणितात उत्तम आणि भाषेत वारंवार अनुत्तीर्ण अशा नोंदी त्या दप्तरांतून वेचून काढल्या, तरी त्यांवरून निदान करता येणार नाही, हे वर आइन्स्टाइनच्या संदर्भात सांगितलेच आहे. तथापि कोणत्या परीक्षेने किती जणांस कोठे थांबविले, हे त्यांतून निश्चित कळेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास, विज्ञानाच्या इतिहासातील आजवर न लिहिल्या गेलेल्या एका प्रकरणाची साधने तरी जमा होतील.